बिनबियांचं फळ म्हणजे बीटी?

‘बी नसलेलं टरबूज, पपई जीएम असते, खाऊ नका’ हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक; बीटी हा त्यातलाच एक प्रकार, किडीला रोखणारं जिवाणूचं जनुक घातलेला. शंका येणं साहजिक आहे. बी नाही तर झाड उगवतं कुठून?

आधी आपलाच कापूस पाहा. बीटी कापसाला भारतात 2002 मध्ये लागवडीची परवानगी मिळाली, आणि बोंड फोडलं की सरकी असतेच. म्हणजे जनुक बदलल्याने बी जात नाही. अमेरिकेत हवाई बेटांवर 1998 पासून जीएम पपई विकली जाते, तिच्यातही बिया असतात. आपल्याकडे मात्र एकाही जीएम फळाच्या लागवडीला परवानगी नाही.

मग बी जातं कुठं? टरबुजात गुणसूत्रांचे (पेशीतल्या जनुकं वाहणाऱ्या धाग्यांचे) चार संच असलेल्या मादीवर नेहमीच्या दोन संचांच्या नराचं परागीकरण करतात. त्या बियाण्याच्या झाडात तीन संच येतात, म्हणून बी भरत नाही. फोड कापून पाहा: मऊ, पांढरी, पोकळ टरफलं दिसतील. पपईत परागीकरण हुकलं तरी बिया कमी राहतात. संत्र्याचं तर जंबेरी या लिंबूवर्गीय रोपाच्या खुंटावर डोळा (फांदीवरचा अंकुर) बांधूनच झाड करतात, बी लागतं ते त्या खुंटापुरतं.

फळ जीएम आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतली जनुक-तपासणीच लागते.