खाणीतला कोळसा वाऱ्यावर

“व्हॅक्युम क्लीनर धूळ ओढतो, मग मोठा पाइप खाणीत सोडून कोळसाच का ओढून घेत नाहीत?” विज्ञानावर मुलांशी बोलताना हा प्रश्न अधूनमधून येतो, आणि मला तो फार आवडतो. चूक फक्त ‘ओढणे’ या शब्दात आहे. हवा ओढत नाही. ती मागून ढकलते आणि वस्तूला ओलांडून पुढे निघून जाते.

खळ्यावरची उफणणी आठवा. वारा एकच, पण भुसा उडतो आणि दाणा पायाशी पडतो. हवेतून पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत वाढत एका ठिकाणी स्थिरावतो. हा तिचा अंतिम वेग. वर जाणारी हवा त्याहून वेगवान असेल तरच वस्तू चढते. 1 सेंटिमीटरच्या गोल कोळशासाठी हा वेग सेकंदाला सुमारे 18 मीटर येतो. तुकडा चौपट जाड असेल तर दुप्पट.

आता 300 मीटरच्या उभ्या पाइपात सेकंदाला 25 मीटर वेगाने हवा सोडू. त्यातले 18 मीटर तुकड्याला नुसतं अधांतरी धरण्यात गेले; तो वर सरकतो उरलेल्या 7 मीटरने. तोंडाशी यायला पाऊण मिनिट, आणि तेवढा वेळ हवा अखंड राबते. दोराला टांगलेली स्किप, म्हणजे कोळसा वर आणणारी मोठी बादली, मध्येच थांबली, तरी दोर तिला काहीही ऊर्जा न खर्चता धरून ठेवतो. सगळा फरक इथे आहे! 1 टन कोळसा 300 मीटर उचलण्याचं निव्वळ काम 0.82 युनिट विजेएवढं. हवेने न्यायचा तर कित्येक पट. ‘हवा तर फुकट’ असं कुणी सांगितलं, तर कॉम्प्रेसरला किती वीज लागते ते आधी विचारा.

शिवाय तरंगत्या कोळशाचं वजन दाबालाच पेलावं लागतं. घनमीटरमागे 20 किलो धरले, तर 300 मीटरांत सुमारे 59 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या निम्म्याहून जास्त दाब. नुसतं वरून शोषून खोल खाणीत भागत नाही, ते यामुळे. वेग वाढवावा, तर पाइपाची वळणं झिजतात: वेग दुप्पट, झीज साधारण सहा ते आठ पट. त्यात कोळशाची धूळ स्फोटक, म्हणून घर्षणाची स्थिर वीज जमिनीत उतरवावीच लागते.

जर्मनीतल्या रूर खोऱ्यात हवेला उलट्या दिशेचं काम मिळालं. कोळसा काढून झालेल्या पोकळीत, म्हणजे गोफात, टाकाऊ दगडाचा चुरा पाइपातून फुंकून भरत, म्हणजे वरची जमीन कमी खचे. तिथे चुऱ्याला शेकडो मीटर वर चढायचं नव्हतं.