रँगल बेट

रशियाच्या पार ईशान्य टोकाला, चुकोत्का प्रांताच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात असलेलं बेट. पश्चिमेला पूर्व सायबेरियन समुद्र, पूर्वेला चुकची समुद्र, आणि मुख्य भूमी साधारण १४० किमीवर, मधे लाँग सामुद्रधुनी. १८० अंश रेखावृत्त बेटावरूनच जातं. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौ. किमी, मधोमध डोंगररांगा (सर्वोच्च शिखर १,०९६ मी.), उत्तर-दक्षिणेला सपाट टुंड्रा (झाडं नसलेला गोठलेला प्रदेश). १९७६ पासून राखीव क्षेत्र आहे आणि शेजारच्या छोट्या हेराल्ड बेटासकट २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

हवामान आर्क्टिकचं असतं तसंच. नोव्हेंबरच्या शेवटापासून जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही, जुलैची सरासरी किनाऱ्यावर जेमतेम २-३ अंश से., आणि उन्हाळा म्हणायचा तर धुकंच जास्त. पण डोंगरांच्या आतल्या दऱ्यांमधे वारा खाली उतरताना तापतो, धुकं पोचत नाही, त्यामुळे तिथे किनाऱ्यापेक्षा बरंच ऊबदार असतं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण बेटावर ४०० हून जास्त जातींच्या वनस्पती आहेत आणि एवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कुठल्याही आर्क्टिक टुंड्रात याच्या निम्म्यासुद्धा सापडत नाहीत असं म्हणतात. दुसरं कारण जास्त जुनं आहे: हिमयुगात हे बेट बर्फाच्या जाड थराखाली गेलंच नाही असं मानतात. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, बेट मुख्य भूमीला जोडलेलं होतं, आणि आजच्या टुंड्रापेक्षा कोरड्या, गवताळ अशा मॅमथ स्टेपचा (मॅमथ चरायचे त्या माळरानाचा) एक तुकडा इथे टिकून राहिला.

तर मॅमथ, म्हणजे हत्तीचे आता नामशेष झालेले नातेवाईक. बेट प्रसिद्ध आहे ते मुख्यतः यांच्यामुळेच. केसाळ मॅमथ सगळीकडूनच साधारण १०,००० वर्षांपूर्वी संपले अशी समजूत होती, पण १९९३ मधे रशियन संशोधक सर्गेई वार्तान्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रँगलवरच्या दात-हाडांची रेडिओकार्बन वयं (उरलेल्या कार्बन-१४ वरून काढलेली) छापली आणि त्यातली काही ३,७०० पर्यंत खाली आली. इथे वाचणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. ३,७०० हा आकडा रेडिओकार्बन वर्षांचा आहे, आणि हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नसल्याने तो दुरुस्त करून कॅलेंडर वर्षांत आणावा लागतो, तसं केलं की साधारण ४,००० वर्षं येतात. म्हणजे दोन्ही आकडे बरोबरच, फक्त एकाच वाक्यात मिसळू नयेत. (हडप्पा-मोहेंजोदारो भरात असताना इकडे मॅमथ चरत होते, हे पचायला वेळ लागतो.)

त्याच १९९३ च्या लेखाने हे मॅमथ बुटके होते असंही सांगितलं होतं, दातांच्या लहान आकारावरून. बेटावर अडकलेले मोठे प्राणी पिढ्यांगणिक लहान होतात याची उदाहरणं आहेत, कॅलिफोर्नियाजवळच्या चॅनल बेटांवरचे मॅमथ खरंच बुटके होते. पण पुढे रँगल आणि चॅनल बेटांची तुलना झाली तेव्हा रँगलचे मॅमथ खरे बुटके म्हणता येणार नाहीत असं मत पुढे आलं, आणि त्या तुलनेत वार्तान्यान स्वतः सामील होते. तरी 'बुटके मॅमथ' ऑनलाइन अजून फिरतायत, ते सोडून द्यावं हे बरं.

ते संपले कसे यावर मात्र एकमत नाही. एक मत असं की थोड्याशा कळपात जवळच्या नात्यात पैदास होत राहिली आणि जनुकांत दोष साचत गेले. २०१७ च्या एका अभ्यासाने शेवटच्या काळातल्या एका मॅमथच्या जीनोममधे (सगळ्या जनुकांच्या संचात) असे बरेच दोष दाखवले. पण २०२४ मधे स्वीडनचे जनुकशास्त्रज्ञ लव्ह डालेन यांच्या गटाने २१ जीनोम तपासले त्यात चित्र वेगळं दिसतं: बेट मुख्य भूमीपासून तुटलं तेव्हा कळप फार तर आठ प्राण्यांपर्यंत खाली आला, मग वीसेक पिढ्यांत २००-३०० वर गेला आणि पुढे हजारो वर्षं साधारण तेवढाच राहिला. दोष होते पण हळूहळू खचत जाणं दिसत नाही, म्हणून अचानक काहीतरी झालं असावं, रोग किंवा हवामानाचा एखादा वाईट काळ, याकडे आता कल जास्त आहे आणि तोच जास्त पटतो. माणसाने मारले का? चोर्तोव ओव्राग इथली वस्ती ही बेटावरची माणसाची सर्वात जुनी ठाऊक खूण, पण ती साधारण ३,६०० वर्षांपूर्वीची, तिथे समुद्री प्राण्यांची शिकार दिसते, मॅमथची नाही. मॅमथ संपणं आणि ही वस्ती यांच्या मधे काही शतकांची फट राहते. उद्या जुनी वस्ती सापडली तर गोष्ट वेगळी.

आजचं वन्यजीवन: ध्रुवीय अस्वलांच्या माद्या हिवाळ्यात पिल्लांसाठी बर्फात गुहा करतात, त्यांची सगळ्यात दाट गर्दी इथली. समुद्रावरचा बर्फ मागे हटला की अस्वलं किनाऱ्यावर जमतात, २०१७ च्या सप्टेंबरमधे वाहून आलेल्या एका मेलेल्या व्हेलभोवती २०० च्या वर अस्वलं मोजली गेली. पॅसिफिक वालरस काही वर्षी एक लाखापर्यंत येतात. आशियातली स्नो गूजची (पांढऱ्या रानहंसांची) एकमेव मोठी वसाहत इथेच, हे पक्षी हिवाळ्याला थेट कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जातात. यातले काही मुद्दाम हिमघुबडाच्या घरट्याभोवती अंडी घालतात, कारण घुबड आपलं घरटं राखताना आर्क्टिक कोल्ह्याला जवळ फिरकू देत नाही आणि आयतंच संरक्षण मिळतं. अर्थात घुबडं घरटी करणार ती लेमिंग (उंदरासारखे छोटे प्राणी) भरपूर असतील त्या वर्षीच, त्यामुळे लेमिंग कमी झाले की हिशोब बिघडतो. इथल्या लेमिंगपैकी एक जात फक्त याच बेटावर आहे. रेनडिअर आणि मस्क ऑक्स (लांब केसांचा बैलासारखा प्राणी) मात्र माणसाने आणलेले, मस्क ऑक्स १९७५ मधे अलास्काच्या नुनिवाक बेटावरून.

बेटाला नाव ज्यांचं आहे त्या फर्डिनांड रँगल यांनी १८२० च्या दशकात तिथल्या स्थानिक चुकची लोकांकडून ऐकून शोध घेतला पण त्यांना ते दिसलंच नाही. नाव दिलं १८६७ मधे अमेरिकन व्हेल शिकारी थॉमस लाँग यांनी. १८६६ मधे एक जर्मन कप्तान उतरल्याचा दावा आहे, तो तितकासा भक्कम नाही. नक्की म्हणावं असं उतरणं १८८१ मधलं, अमेरिकेच्या कॉर्विन जहाजाचं. सोव्हिएत वसाहत १९२६ पासून, उशाकोव यांच्या नेतृत्वाखाली. ती वस्ती पुढे ओस पडली, आता राखीव क्षेत्राचे कर्मचारी, २०१४ पासून लष्करी तळ, आणि उन्हाळ्यात परवानगी घेऊन येणारी थोडी पर्यटक जहाजं.