ब्रायन डिअर वर्गीकरण पद्धती

ब्रायन डिअर वर्गीकरण पद्धती : कॅनडातील मूलनिवासी समाजांच्या ग्रंथसंग्रहांसाठी १९७० च्या दशकात तयार झालेली ग्रंथवर्गीकरण पद्धती. माँट्रिऑलजवळील कानावाके येथील, मोहॉक या मूलनिवासी समाजातील ग्रंथपाल ए. ब्रायन डिअर (मृत्यू २०१९) यांच्या नावाने ती ओळखली जाते.

तिचा उगम सर्वसाधारणपणे १९७४ ते १९७६ या काळातला मानतात. डिअर त्या वेळी नॅशनल इंडियन ब्रदरहुड (आजची असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स) या कॅनडातील मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेच्या ग्रंथालयात होते. मात्र ही एकच, कायम स्वरूपाची पद्धती होती का, याविषयी मतभेद आहेत. पुढे कानावाकेत काम करताना डिअर यांनी जुनी तालिका (वर्ग व त्यांच्या अंकांची यादी) तशीच न उचलता तिथल्या संग्रहाला जुळणारी नवी तालिका बसवली. त्यामुळे हे एका पद्धतीचे नव्हे, तर पद्धतींच्या कुळाचे नाव समजणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटिश कोलंबियातील शाखा १९८० च्या आगेमागे तेथील मूलनिवासी प्रमुखांच्या संघाच्या संदर्भ केंद्रात आकाराला आली. तिचे श्रेय जीन जोसेफ व केल्टी मॅकॉल यांना दिले जाते. हे केंद्र जमीनहक्काच्या दाव्यांसाठी कागदपत्रे जमवणारे असल्याने हक्क, स्वशासन व नैसर्गिक साधनसंपत्ती यांना तालिकेत स्वतंत्र मुख्य वर्ग मिळाले.

प्रचलित पद्धतींशी असलेला फरक पुस्तकांच्या फळीवर स्पष्ट दिसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पद्धतीत उत्तर अमेरिकेतील जमाती ‘ई ९९’ या एका वर्गात इंग्रजी वर्णानुक्रमाने लागतात. हायडा (एच २) आणि सिम्शियन (टी ८) हे पॅसिफिक किनाऱ्यावरचे शेजारी. पण त्यांच्या पुस्तकांमध्ये होपी (एच ७) व नवाहो (एन ३) हे दूरच्या वाळवंटी प्रदेशातले समाज येऊन बसतात. शिवाय हा सगळा वर्ग इतिहासात, अमेरिकेच्या ‘शोधा’च्या (ई १०१) आधी पडतो, म्हणजे आज हयात असलेल्या समाजांचे शिक्षण, आरोग्य, घरबांधणी हे सारे भूतकाळात जमा होते. डिअर-कुळातील तालिकांत समाज भौगोलिक शेजाराने लागतात, आणि स्थानिक समाज आधी येतो. सार्वजनिक ग्रंथालयांत रूढ असलेल्या, विषयांना दशांश अंक देणाऱ्या ड्युई पद्धतीत सगळा हिंदू धर्म २९४.५ या एका अंकात कोंबलेला पाहिलेल्या मराठी ग्रंथपालाला ही तक्रार वेगळी समजावून सांगायला नको.

व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ‘ह्वेइह्वा’ (स्क्वॉमिश या तिथल्या मूलनिवासी भाषेत ‘प्रतिध्वनी’) ग्रंथालय १९९३ पासून जमिनीत अर्धवट खोदलेल्या पारंपरिक घराच्या धर्तीवरील इमारतीत आहे. तेथे या पद्धतीचे एक रूप वापरात आहे. विद्यापीठाच्या इतर ग्रंथालयांत लायब्ररी ऑफ काँग्रेसचीच पद्धती चालते. पद्धतीचा मोठा दोष खर्चाचा. तालिका स्थानिक असल्याने दुसऱ्या ग्रंथालयाचे तयार वर्गांक उसने घेता येत नाहीत. प्रत्येक पुस्तक हाती घेऊन नवा अंक घालावा लागतो, आणि अशा ग्रंथालयांत माणसे थोडी असतात.

सार्वजनिक ग्रंथालयांत तिचा प्रसार अल्प आहे. तेथे बहुधा ड्युईच टिकून असून बदल सूचीतील विषयशीर्षकांत किंवा जागेच्या रचनेत दिसतो. कॅनडातील एडमंटन शहराच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात २०२० मध्ये मूलनिवासींच्या मेळाव्यांसाठी आणि विधींसाठी स्वतंत्र दालन झाले. औषधी वनस्पतींची धुरी देता यावी म्हणून त्यात वायुवीजनाची खास सोय आहे.