ओसीएलमधला कॉन्टेक्स्ट

यूएमएल (सॉफ्टवेअरची रचना चित्रांतून मांडायची ठरलेली पद्धत) डायग्राममध्ये क्लासच्या शेजारी महिरपी कंसात किंवा कोपरा दुमडलेल्या नोटमध्ये जी अट लिहितात, ती नेमकी कशाबद्दल आहे हे ठरवणारी गोष्ट म्हणजे कॉन्टेक्स्ट. अटी लिहायची भाषा ओसीएल, म्हणजे ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज. ती १९९५ च्या सुमारास आयबीएममध्ये तयार झाली, १९९७ मध्ये यूएमएल १.१ बरोबर आली आणि पुढे ओएमजी या यूएमएलचं मानक सांभाळणाऱ्या संस्थेने तिचं स्वतंत्र स्पेसिफिकेशन काढलं (२.० हे २००६ चं, २.४ हे २०१४ चं). ही भाषा फक्त अट तपासते किंवा किंमत सांगते, मॉडेलमधलं काही बदलत नाही.

अट डायग्रामवरच असेल तर नोटपासून निघालेली तुटक रेघ जिथे जाते तो कॉन्टेक्स्ट, वेगळ्या फाइलमध्ये असेल तर सुरुवातीला कॉन्टेक्स्ट हा कीवर्ड आणि क्लासचं नाव लिहायचं. त्या क्लासचा जो ऑब्जेक्ट तपासला जातोय तो म्हणजे सेल्फ. सेल्फ नाही लिहिलं तरी चालतं, किंवा त्याला स्वतःचं नावही देता येतं, उदा. कॉन्टेक्स्ट स : सभासद, आणि मग पुढे स.वय वगैरे.

आता कुठल्या प्रकारची अट कशाला लावायची याचे नियम. इन्व्हेरिअंट (कायम पाळायची अट) क्लासला (खरं तर कुठल्याही क्लासिफायरला, म्हणजे क्लास, इंटरफेस वगैरे) लागतो, उत्तर बूलियनच (खरं किंवा खोटं) हवं आणि ते त्या क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्ट्ससाठी कायम खरं असलं पाहिजे, सबक्लासचे ऑब्जेक्टही त्यात आलेच. प्रीकंडिशन (ऑपरेशन चालण्याआधीची अट) आणि पोस्टकंडिशन (ते संपल्यानंतरची अट) ऑपरेशनला लागतात, पण तिथेही सेल्फ म्हणजे ऑपरेशन नव्हे, ते ज्या क्लासचं आहे त्याचा ऑब्जेक्ट, इथे नवीन माणूस हमखास अडखळतो. ऑपरेशनचं उत्तर दाखवणारा रिझल्ट हा शब्द आणि आधीची किंमत सांगणारं @प्री हे पोस्टकंडिशनमध्येच चालतं, प्रीकंडिशनमध्ये @प्री लिहिण्यात काही अर्थच नाही कारण अजून काही घडलेलंच नसतं. इनिट (सुरुवातीची किंमत) आणि डिराइव्ह (इतर गोष्टींवरून काढलेली किंमत) अॅट्रिब्यूटला किंवा असोसिएशनच्या (क्लासमधल्या नात्याच्या) टोकाला लागतात, एक्स्प्रेशनचा टाइप तिथल्या टाइपशी जुळला पाहिजे. बॉडी (उत्तर कसं काढायचं ते) फक्त क्वेरी ऑपरेशनला, म्हणजे जे काही न बदलता नुसतं उत्तर देतं त्याला. स्टेट मशीनमधल्या (ऑब्जेक्टच्या अवस्था दाखवणारा डायग्राम) गार्डचा, म्हणजे अवस्था बदलण्यासाठीच्या अटीचा, कॉन्टेक्स्ट ते स्टेट मशीन ज्या क्लासचं आहे तो क्लास.

नियम पाळूनही एकच अट दोन ठिकाणी टांगता येते आणि खरी मजा तिथेच आहे. लायब्ररीचं मॉडेल घ्या, सभासदाकडे एका वेळी पुस्तकांच्या जास्तीत जास्त ५ प्रती असाव्यात. सभासद हा कॉन्टेक्स्ट धरला तर सेल्फ.प्रती->साइझ() <= 5, संपलं. हेच प्रत या क्लासवर लिहायचं म्हटलं तर सेल्फ.सभासद.प्रती->साइझ() <= 5 असं होतं, आणि जी प्रत कपाटातच पडून आहे तिला सभासदच नाही, म्हणजे सेल्फ.सभासद नल (काहीच नाही), त्याच्यापुढे गेलं की सगळं एक्स्प्रेशन इनव्हॅलिड, धड उत्तरच निघत नाही. मग सभासद नल नसेल तरच तपास अशी शेपटी इम्प्लाइज (जर-तर) लावून जोडावी लागते, शिवाय एका सभासदाची अट त्याच्याकडच्या प्रत्येक प्रतीगणिक तपासली जाते ते वेगळंच. माझं मत सरळ आहे, अट ज्याची जबाबदारी आहे त्या क्लासवरच लिहा, आणि लिहिताना सारखं नल सांभाळावं लागतंय असं दिसलं तर कॉन्टेक्स्ट चुकलाय का ते आधी बघा.

नावं शोधण्याचा नियमही कॉन्टेक्स्टशीच बांधलेला आहे. फॉरऑल (सगळ्यांसाठी अट खरी आहे का) किंवा सिलेक्टच्या (अटीत बसणारे निवडा) कंसात गेलं की आतला एक नवा छोटा कॉन्टेक्स्ट सुरू होतो आणि नाव आधी आतल्या इटरेटरवर (त्या फेरीत तपासला जाणारा ऑब्जेक्ट) शोधलं जातं, नाही सापडलं तर बाहेर, शेवटी सेल्फवर. त्यामुळे सभासदाच्या इन्व्हेरिअंटमध्ये प्रती->फॉरऑल(नाव <> '') लिहिलं आणि प्रतीला नाव हे अॅट्रिब्यूटच नसेल, तर एरर न येता गुपचूप सभासदाचं नाव तपासलं जातं!! टूल काही बोलत नाही कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. म्हणून इटरेटरला नाव द्यावं, फॉरऑल(प | प.नाव <> '') असं, मग चूक लगेच पकडली जाते.

यूएमएलच्या मेटामॉडेलमध्ये (यूएमएलची स्वतःची व्याख्या करणारं मॉडेल) अजून एक बारकावा आहे. तिथे कन्स्ट्रेंटला कॉन्टेक्स्ट म्हणजे तो ज्या नेमस्पेसच्या (क्लास, पॅकेज असा नावं सामावणारा एलिमेंट) मालकीचा आहे ती, आणि कन्स्ट्रेन्ड एलिमेंट म्हणजे ज्यांच्यावर अट आहे ते एलिमेंट्स, अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेजच्या मालकीची अट आतल्या दोन असोसिएशन्सवर असू शकते. कन्स्ट्रेंट स्वतःवरच लावता येत नाही हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. मॉडेल एका टूलमधून दुसऱ्यात नेताना मालक आणि बांधलेला एलिमेंट यांची गल्लत झाली, तर अटीतलं एक अक्षर न बदलता सेल्फ भलताच होऊन बसतो.