तोडलेल्या झाडाची भरपाई: वय मोजावं की घेर?

महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायचं तर 1975च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. 2021मध्ये हा कायदा बराच कडक झाला. 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज ट्री’ ठरलं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी 6 ते 8 फुटी रोपं लावायची, त्यांचं जिओ-टॅगिंग करायचं (नकाशावर नेमकी जागा नोंदवायची) आणि 7 वर्षं ती जगवायची, असं बंधन आलं. दुरुस्ती चांगलीच आहे, पण खरी गोम वयात आहे.

उभ्या झाडाचं वय कळणं अवघड. सागाच्या खोडाच्या छेदात दर वर्षाच्या वाढीचं एकेक कडं स्पष्ट दिसतं. वड, पिंपळ, आंब्यात ही कडी सहसा भरवशाने मोजता येत नाहीत. मग बुंध्याचा घेर आणि जातीच्या वाढीचा वेग यांवरून अंदाज बांधतात. पाणी भरपूर मिळालेलं झाड लवकर जाडावतं, फुटपाथच्या काँक्रीटमध्ये अडकलेलं खुरटतं. एकाच झाडाचं वय दोन जाणकार वेगवेगळं सांगतात आणि कमी वय धरलं की तिथेच रोपांची संख्या घटते.

टेपने मोजलेला घेर मात्र कुणालाही पडताळता येतो. तो जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घ्यावा. उतारावर वरच्या बाजूने उंची धरावी. घेराचा वर्ग करून 12.57ने भागलं की खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मिळतं. घेर 200 सेंमी असेल तर ते सुमारे 3,183 चौ. सेंमी भरतं. 10 सेंमी घेराच्या रोपाचं असतं जेमतेम 8. म्हणजे झाड 50 वर्षांचं ठरलं आणि 50 रोपं लागली, तरी लागवडीच्या दिवशी भरपाई होते आठव्या हिश्शाची.

जोडखोडांत, म्हणजे एकाच झाडाला दोन खोडं असतील तर, हमखास चूक होते. 100 सेंमीची दोन खोडं म्हणजे 200चं एक खोड नव्हे. प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं काढून बेरीज करावी. ती 1,592 येते, म्हणजे निम्मीच.

आता 7 वर्षांनंतरचा हिशेब. रोपांचा घेर 30 सेंमी झाला, तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ सुमारे 72 चौ. सेंमी. जुन्या खोडाची बरोबरी करायला 50पैकी 45 झाडं जगलेली हवीत. सावलीची बरोबरी त्यानेही होईलच असं नाही, म्हणून नुसती ‘जिवंत’ अशी नोंद आम्हाला अपुरी वाटते.

रोपं मरतात ती बहुधा लावतानाच्या हयगयीमुळे. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. ती न कापता लावलं तर काही वर्षांनी तीच मुळं बुंध्याला फास लावतात. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग मातीखाली गाडला, तर साल कुजते. आधारकाठीची सुतळी वेळेवर सैल केली नाही, तर ती खोडात रुतते.

म्हणून स्थानिक नियमांत एवढं तरी घालावं: परवानगीच्या पंचनाम्यात वयाशेजारी घेर आणि क्षेत्रफळ लिहावं, रोप स्वीकारताना पिशवी फाडून मुळं तपासावीत आणि अनामत रक्कम सातव्या वर्षी टेप लावून घेर मोजल्यावरच परत करावी.