शिट्ट्या झालेला बंद डबा

रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि घरात भाजी नव्हती. फडताळात सोललेल्या टोमॅटोंचा एक डबा, काबुली चण्यांचा एक आणि पास्त्याचं अर्धं पाकीट सापडलं. डबा हातात घेतला तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, वर्षभर बंद असलेलं ते. शिळंच की!"

आईंची शंका रास्त आहे. पण अन्न शिळं होतं ते मुख्यतः त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात म्हणून. कारखान्यात चणे डब्यात भरतात, झाकण हवाबंद करतात आणि मग अख्खा डबा वाफेच्या दाबाखाली तापवतात. म्हणजे हा शिट्ट्या झालेला कुकरच, फक्त अजून कुणी उघडलेला नाही.

दाब का लागतो? आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे इथं उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्या उष्णतेत बरेचसे जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचात निजलेलं रूप, तासन्‌तास उकळूनही टिकतात. हवा नसलेल्या डब्यात ते रुजले तर जीवघेणं विष तयार होतं. म्हणून डब्याच्या अगदी मध्यभागीसुद्धा 121 अंशांवर निदान तीन मिनिटं मिळतील असा हिशोब धरतात. टोमॅटोला एवढं तापवावं लागत नाही. पीएच 4.6 च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट अन्नात, हे बीजाणू रुजतच नाहीत. टोमॅटो या रेषेच्या आसपास घोटाळतो, म्हणून डब्यात बहुधा सायट्रिक अ‍ॅसिड घातलेलं असतं.

हे सगळं कळायच्या आधीच माणसाला जमलं होतं. निकोला आपेर या फ्रेंच हलवायानं काचेच्या बाटल्यांत अन्न उकळून टिकवलं आणि 1810 मध्ये सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं. त्यामागचं कारण पाश्चरनं उलगडलं ते अर्ध्या शतकानंतर.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. डबा फुगलेला असेल किंवा उघडताना आतलं उसळून आलं, तर चाखूनसुद्धा बघू नका, सरळ फेका. या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. शिवणीवर खोल पोचा आलेला डबाही नकोच.

आता पास्ता. तो कठिया, म्हणजे ड्युरम गव्हाच्या रव्याचा. बाफल्यांसाठी, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्यांसाठी, मुद्दाम आणतो तोच माळव्यातला गहू. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर केंद्राचं 'पूसा तेजस' हे वाणही कठियाच. त्यातल्या ग्लुटेन या प्रथिनाची जाळी स्टार्चला घट्ट धरून ठेवते, म्हणून पास्ता उकळत्या पाण्यातही विरघळत नाही. तरी थोडा स्टार्च बाहेर पडतोच आणि पाणी पेजेसारखं गढूळ होतं. ते ओतून देऊ नका, वाटीभर काढून ठेवा.

कढईत तेलावर ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची परता. त्यावर हातानं कुस्करलेले टोमॅटो घाला आणि दहा मिनिटं रटरटू द्या. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन शिजून तेलात उतरलं की अंगी लागायला सोपं जातं. मग धुतलेले चणे (धुतल्यानं मीठ बरंच कमी होतं), किंचित कच्चा असतानाच उपसलेला पास्ता आणि ती वाटी. आता आच मोठी करून कढई हलवत राहा. आधी वर लाल तेल तरंगत असतं. मिनिटभरात ते दिसेनासं होतं आणि रस चकचकीत होऊन पास्त्याला चिकटतो. स्टार्चमुळे पाणी दाटतं, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत. कढी फुटू नये म्हणून ताकाला बेसन लावतो ना, जवळपास तसंच.

आईंनी चमचाभर चाखलं आणि वरून लिंबू मागितलं. चणे थोडे उरलेच. ते मी लगेच स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवले. टिन एकदा उघडला की तोही इतर अन्नासारखाच, तीन-चार दिवसांत संपवायचा.