रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकायलंय

"सगळं अंग ठणकायलंय बघा. मान म्हणू नका, खांदे म्हणू नका, कंबर म्हणू नका." कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या डॉक्टरांना हे वाक्य पाठ असेल. सांगणारीच्या हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे, मणक्याचा एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्यांचा गठ्ठा. ईएसआर, सीआरपी, संधिवातासाठीचा आरए फॅक्टर, सगळं नॉर्मल. मग घरी कुणीतरी म्हणतंच, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." हे बोलणं निर्दय आहेच, पण विज्ञानाच्या हिशेबानंही ते चूक आहे. अशा अंगभर, महिनोन्महिने चालणाऱ्या दुखण्यामागे बऱ्याचदा फायब्रोमायल्जिया नावाचा आजार असतो.

एक्स-रे हाडं दाखवतो, ईएसआर-सीआरपी शरीरातली सूज सांगतात. फायब्रोमायल्जियात हाडं झिजत नाहीत की सांधे सुजत नाहीत. बिघाड असतो तो दुखण्याचे निरोप वाहणाऱ्या आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूत. तो या तपासण्यांत दिसणार कसा?

दिसला तो वेगळ्या वाटेनं. 2002 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. निरोगी माणसाला ज्या दाबाचं फारसं काही वाटेना, त्याच दाबानं रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग जागे झाले. निरोगी माणसांत तेवढीच हालचाल दिसायला बराच जास्त दाब द्यावा लागला. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. त्याआधीच्या अभ्यासांत अशा रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात 'सबस्टन्स पी' हे वेदनेचा निरोप पुढे नेणारं रसायन सुमारे तिप्पट आढळलं होतं. शिवाय मेंदूकडून खाली येणारे, दुखणं दाबणारे निरोपही या आजारात कमी पडतात. निरोप वाढलेले आणि आवर घालणारा ढिला, अशी दुहेरी अडचण.

शंभरातल्या दोन ते चार जणांना हा त्रास असतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांनाही होतो. पैलवानांच्या गावात 'अंग दुखतंय' म्हणायला पुरुष लाजतात, हा भाग वेगळा. 1990 च्या निकषांत अंगावरचे 18 बिंदू दाबून बघत आणि 11 दुखले की निदान होई. 2010 पासून ती दाबादाबी मागे पडली. आता शरीराच्या 19 भागांपैकी किती दुखतात, थकवा किती, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, विसराळूपणा वाढलाय का, हे विचारतात. त्रास तीन महिने तरी टिकलेला हवा. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व मात्र तपासून घ्यावंच. सांधे सुजत असतील, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर दुखणं दुसरंच असू शकतं.

झोपेचा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1975 साली टोरांटोतल्या संशोधकांनी धडधाकट माणसांची गाढ झोप रात्री आवाज करून मोडली. माणसं पूर्ण जागी होत नव्हती, पण काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं आणि दाबल्यावर कळा येऊ लागल्या. म्हणून झोपायची वेळ ठरवणं आणि रात्री चहा-मोबाईल बाजूला ठेवणं हा फुकटचा सल्ला वाटला, तरी उपचारच आहे.

दुसरा उपचार हालचालीचा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 साली सगळे पुरावे चाळून ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. पण इथंच गाडी अडते. दुखतंय म्हणून माणूस हलत नाही आणि न हलल्यानं आणखी आखडतो. मग एखाद्या दिवशी बरं वाटलं की गौरी-गणपतीची सगळी साफसफाई एका दमात उरकतो आणि पुढचे चार दिवस अंथरूण धरतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शेकड्यानं बैठका मारायला लावत नाहीत. हळूहळू चढवत नेतात. इथंही तेच. रंकाळा तलावाला पूर्ण फेरी मारायची हौस नको. आधी दहा मिनिटं चालायचं, बरं वाटत असलं तरी दहाच, आणि दुखत असलं तरी जमेल तेवढं. अंगवळणी पडलं की दोन-चार मिनिटं वाढवायची. कोल्हापूरचा पाऊस आठवडा आठवडा हटत नाही. तेव्हा घरातल्या घरात, नाहीतर योगासनं. कोमट शेकानं तात्पुरतं बरं वाटतं. रगडून केलेली मालिश मात्र काहींचं दुखणं वाढवते.

मेडिकलमधून आणलेल्या रोजच्या पेनकिलरचा इथं फारसा उपयोग नाही, कारण त्यातल्या बहुतेक सुजेवर काम करतात आणि सूज तर नाहीच; वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि किडनीला धोका. स्टेरॉइडही कामाची नाहीत. प्रेगाबॅलिन, ड्युलोक्सेटीन किंवा कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन नसांमधल्या निरोपांवर काम करतं. यातली दोन मुळात नैराश्यावरची औषधं, त्यामुळे चिठ्ठी वाचून "मला वेड लागलंय का?" असा प्रश्न येतोच. तसं नाही; त्याच रसायनांचा मज्जारज्जूत वेदना आवरायलाही उपयोग होतो. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही. काहींना गुंगी येते, काहींचं तोंड कोरडं पडतं, आणि फरक जाणवायला काही आठवडे जातात. चार दिवसांत गुण नाही म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नये, आणि शेजारणीला लागू पडली म्हणून सुरूही करू नये.